घोडनदीची छावणी आणि राजभवनाखालचे भुयार

ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबईच्या राजभवनात एक भिंत फोडण्यात आली. मलबार हिलच्या टोकावर, समुद्रात घुसलेल्या त्या आवारात कोठेतरी जमिनीखाली भुयार आहे, अशी जुन्या माणसांत बोलवा होती. तत्कालीन राज्यपाल चे. विद्यासागर राव यांनी ती मनावर घेतली. सार्वजनिक बांधकाम खात्याने भिंतीचा अडसर दूर केला. आणि आत जे निघाले ते नुसते भुयार नव्हते. लहानमोठ्या तेरा खोल्या, वीस फूट उंचीचे प्रवेशद्वार, सांडपाणी वाहून जाण्याची सोय, हवा आणि उजेड खाली आणणारे झरोके असे ते रीतसर बांधलेले लष्करी भुईघर होते. खोल्यांवर इंग्रजी अक्षरांत पाट्या शाबूत होत्या : तोफगोळ्यांचे कोठार, काडतुसांचे कोठार, गोळे वर चढवण्याचा पाळणा, पंप, कार्यशाळा. एकंदर पसारा सुमारे पंधरा हजार चौरस फुटांचा भरला.

ज्या वास्तूत प्रत्येक खुर्चीची आणि दिव्याची नोंद डेडस्टॉक रजिस्टरात झाल्याखेरीज राहत नाही, तेथे तेरा खोल्या हरवाव्यात, ही गोष्ट सरकारी कारभाराशी परिचय असलेल्या कोणालाही चक्रावून टाकील. ते भुयार कोणी जंगलात बांधलेले नव्हते. राज्याच्या प्रथम नागरिकाच्या निवासस्थानाखाली, चोवीस तासांच्या पहाऱ्यात ते होते. स्वातंत्र्यानंतर ते बंद झाले, मग भिंत आली, मग भिंतीपलीकडे काय आहे हे माहीत असलेली माणसे सेवानिवृत्त झाली. सुमारे सात दशके एवढा काळ विस्मरणाला पुरेसा ठरला.

मुंबईच्या किनाऱ्यावर अशी बांधकामे आणखीही आहेत. घारापुरीची लेणी पाहून वरच्या टेकडीवर जाण्याचे श्रम जे घेतात, त्यांना तेथे दोन प्रचंड तोफा समुद्राकडे तोंड करून बसलेल्या दिसतात. राजभवनाच्या किनाऱ्यावरही प्रत्येकी बावीस टन वजनाच्या दोन तोफा मातीत पडलेल्या सापडल्या आणि त्या उचलून नीट मांडण्यात आल्या. या सगळ्या व्यवस्थेचा रोख एकच होता : शत्रू येईल तो समुद्रातून येईल. दुसऱ्या महायुद्धात शत्रू समुद्रात होताही. मार्च १९४३ मध्ये गोव्याच्या मुरगाव बंदरात आश्रय घेतलेल्या जर्मन जहाजांवर ब्रिटिशांनी गुप्तपणे छापा घातला, तो याच भीतीपोटी. परंतु मुंबईवर त्या युद्धातला सर्वांत मोठा घाव पडला, तो कोणत्याही शत्रूच्या हातून नव्हे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. त्यात कापसाच्या गासड्या होत्या आणि सुमारे चौदाशे टन स्फोटके होती. दोन स्फोटांत गोदीचा परिसर उद्ध्वस्त झाला, शेकडो माणसे मेली, आग विझवायला गेलेले सहासष्ट अग्निशामक जवान गेले. तोफा समुद्राकडे पाहत राहिल्या. घात त्यांच्या पाठीमागे झाला.

ही पाठीमागची बाजू नेहमी दुर्लक्षित राहते. किनाऱ्यावरचा मोर्चा हा लष्कराच्या घराचा केवळ उंबरठा असतो. शिपाई, घोडे, कैदी आणि दाणागोटा यांची वस्ती असते ती आत, घाटमाथ्याच्या पलीकडे, देशावर. पुणे, देवळाली, नगर ही त्यांतली सर्वांना ठाऊक असलेली नावे. पण पुणे जिल्ह्याच्या पूर्व कडेला भीमा आणि घोड या नद्यांच्या काठी असलेले शिरूर आणि दौंड हे दोन तालुके या हिशोबात कोणी धरत नाही. ऊस, कांदा, साखर कारखाने, रांजणगावची औद्योगिक वसाहत आणि रेल्वेचे जंक्शन एवढीच त्यांची ओळख उरली आहे. वस्तुतः युद्धाने बांधलेल्या आणि मग सोडून दिलेल्या गोष्टींचे पुढे काय होते, हे शिकायचे असेल तर राजभवनापेक्षा हा मुलूख अधिक शिकवतो.

दौंडचे गणित लोहमार्गाचे आहे. पुण्याहून पूर्वेकडे जाणारी रेल्वे १८५८ साली या बाजूने पुढे सरकली, आणि १८७८ साली दौंड–मनमाड मार्ग सुरू होऊन दक्षिणेकडे जाणारी आणि उत्तरेकडे जाणारी अशा दोन मोठ्या वाटा जोडल्या गेल्या. १८७६–७७ च्या दुष्काळात अन्नाला महाग झालेल्या माणसांनी या मार्गाच्या भरावावर माती टाकली. या जोडमार्गावरचे मोठे लष्करी ठाणे म्हणजे नगर. मुंबई बंदरातून नगरला पोचायला रेल्वेच्या दोनच वाटा : एक मनमाडकडून, दुसरी दौंडवरून. बोअर युद्धातले कैदी १९०१–०२ मध्ये नगरला होते. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातले जर्मन नागरिक तेथे डांबले गेले. १९३९ साली पुन्हा तेच झाले. पुढे तिबेटात पळून जाऊन जगप्रसिद्ध झालेला ऑस्ट्रियन गिर्यारोहक हाइनरिख हारर हाही सुरुवातीला नगरच्याच छावणीत होता.

आणि ९ ऑगस्ट १९४२. पहाटे मुंबईत पकडलेल्या काँग्रेसच्या नेत्यांना घेऊन एक खास गाडी निघाली. गांधीजींना चिंचवडला उतरवून आगाखान राजवाड्यात नेले. पुणे स्थानकावर जमलेल्या लोकांवर पोलीस लाठ्या चालवताहेत हे पाहून जवाहरलाल नेहरू गाडीच्या खिडकीतून बाहेर पडले, हा प्रसंग चरित्रकारांनी नोंदवला आहे. त्यानंतर गाडी नेहरू, मौलाना आझाद, वल्लभभाई पटेल आणि त्यांचे सहकारी यांना घेऊन नगरला गेली. पुण्याहून नगरकडे रेल्वेने जायचे तर वाट दौंडची. आणि त्या काळी दौंडला इंजिन एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकाला लावल्यावाचून गाडी नगरच्या दिशेला वळत नसे. म्हणजे स्वतंत्र भारताचा पहिला पंतप्रधान आणि पहिला गृहमंत्री त्या दिवशी दौंडच्या यार्डातून कैदी म्हणून गेले. नगरच्या किल्ल्यात नेहरूंनी १९४४ साली ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले. किल्ल्यातली ती खोली लोक पाहायला जातात. दौंडच्या वाट्याला इतिहासाचे एक पानही आलेले नाही. स्थानकाचा हा स्वभावच असतो म्हणा. तेथून सगळे जातात, राहत कोणी नाही.

भीमेच्या पलीकडे, दौंडपासून जवळच, पेडगाव आहे. तालुका श्रीगोंदे, जिल्हा नगरचा (आजचा अहिल्यानगर). औरंगजेबाचा सरदार बहादूरखान याची ही छावणी. म्हणून तिला बहादूरगड म्हणत. १६८९ साली पकडलेल्या संभाजी महाराजांना प्रथम येथे आणले. मोगल सत्तेच्या त्या मोठ्या तळावर आता पडके तट आणि जुनी मंदिरे आहेत. मराठी माणूस मात्र ‘वेड पांघरून पेडगावला’ रोज जातो. तेथे एक छावणी मोडून पडली आहे हे त्याच्या गावीही नसते. गाव भाषेत टिकले, तळ मातीत गेला.

शिरूरची गोष्ट याहून वेगळी आणि अधिक गुंतागुंतीची आहे. वसईचा तह ३१ डिसेंबर १८०२ रोजी झाला आणि दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. ही फौज पुण्यापासून सुमारे पासष्ट किलोमीटरवर, घोड नदीच्या काठी शिरूरला बसवण्यात आली. म्हणून शिरूरला घोडनदी हे दुसरे नाव. पेशव्याच्या रक्षणासाठी आलेली ही फौज पेशवाईच्या उशाशी बसली होती, हे पंधरा वर्षांत स्पष्ट झाले. कंपनी सरकारच्या रिसाल्याची हीच जागा. ज्या पूना हॉर्स या रणगाडा दलातील लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांनी १९६५ साली आणि सेकंड लेफ्टनंट अरुण क्षेत्रपाल यांनी १९७१ साली मरणोत्तर परमवीरचक्र मिळवले, त्या दलाचे एक मूळ १८२० साली शिरूरला उभारलेल्या घोडदळात आहे. छावणी पुढे आटत गेली. सैन्य निघून गेल्यावर उरली ती गोऱ्यांची दफनभूमी.

त्या दफनभूमीत कर्नल विल्यम वॉलेस याचे थडगे आहे. हा स्कॉटिश पलटणीचा अधिकारी १८०३ साली असईच्या लढाईत वेलस्लीच्या हाताखाली लढला, पुढे तैनाती फौजेचा सेनापती झाला आणि १८०९ साली शिरूरला वारला. थडग्यावर इंग्रजी लेख आहे. आसपासच्या शेतकऱ्यांना तो वाचता येण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी त्या कबरीला आपला अर्थ दिला : हा सत्पुरुष. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरने नोंदवले आहे की शिरूर आणि परिसरातले बहुतेक हिंदू तेथे पूजा करीत आणि सुगीत नव्या धान्याचा नैवेद्य आणीत. म्हणजे ज्या फौजेने मराठी राज्य बुडवले, तिच्या सेनापतीला राज्य बुडाल्यावर सहासात दशकांनी मराठी कुणबी पहिल्या धान्याचा वाटा देत होता! याला कोणी गुलामी वृत्ती म्हणेल. पण तसे म्हणणे घाईचे होईल. शेतकऱ्याने येथे कंपनी सरकारला नमस्कार केला नव्हता. त्याने एका परक्या दगडाला आपल्या शिवारातल्या म्हसोबा-वेताळांच्या पंगतीला बसवले होते. साहेबाचे कर्तृत्व, हुद्दा, पलटणीचा क्रमांक सगळे पुसून टाकले होते. ज्या समाजाच्या हातात लेखणी नव्हती, त्याने सत्तेचे स्मारक ताब्यात घेण्याची ही एक रीत म्हणता येईल.

दुसरी रीत याच छावणीतून निघालेल्या वाटेवर दिसते. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटन शिरूरहून पुण्याच्या कुमकेला निघाला. त्याच्याबरोबर सुमारे पाचशे पायदळ, अडीचशेच्या आसपास स्वार आणि दोन तोफा होत्या. रात्रभर चालून १ जानेवारीच्या सकाळी ही तुकडी भीमाकाठच्या कोरेगावाजवळ आली, तो समोर बाजीरावाची फौज. दिवसभराच्या त्या लढाईची स्मृती म्हणून कंपनीने १८२१ साली नदीपलीकडे पेरणे गावच्या हद्दीत जयस्तंभाची पायाभरणी केली. हेतू उघड होता : आपल्या विजयाचा डंका. पण स्तंभावर पडलेल्या शिपायांची नावे कोरली गेली, आणि त्यांतल्या बावीस नावांच्या शेवटी ‘नाक’ होते. ती नावे महारांची होती.

या कोरलेल्या अक्षरांनी पुढे जे घडवले ते कंपनीच्या स्वप्नातही नसेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. पहिल्या महायुद्धात १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली आणि गरज सरताच मोडली गेली. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर या स्तंभापाशी आले आणि साम्राज्याचा विजयस्तंभ हा अस्पृश्य गणलेल्यांच्या स्वाभिमानाचा स्तंभ झाला. ऑक्टोबर १९४१ मध्ये महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली, तेव्हा तिच्या टोपीवरच्या बिल्ल्यात हाच स्तंभ होता. दरवर्षी १ जानेवारीला लाखो लोक तेथे येतात. २०१८ साली, लढाईच्या द्विशताब्दीच्या दिवशी, त्या परिसरात हिंसाचार झाला, एका तरुणाचा जीव गेला, चौकशी आयोग बसला. दोनशे वर्षांपूर्वीचा दगड आजही माणसांच्या जिव्हारी लागतो, तेव्हा त्याला मृत वास्तू कसे म्हणावे?

राजभवनाखालच्या खोल्या आणि कोरेगावचा स्तंभ यांत मोठा फरक आहे तो येथे. भुयारातल्या पाट्या वस्तूंच्या आहेत. गोळे कोठे ठेवायचे, काडतुसे कोठे, हे त्या सांगतात. तेथे गोळे वाहणारे, पंप चालवणारे, उकाड्यात रात्र काढणारे कोण होते हे सांगत नाहीत. स्तंभावर माणसे आहेत. माणसांची नावे होती म्हणून शंभर वर्षांनी त्यांचे वारस तेथे येऊन म्हणू शकले की, ही आमची. २०१९ साली भुयारात संग्रहालय झाले आणि १४ जून २०२२ रोजी त्यात ‘क्रांतिगाथा’ हे क्रांतिकारकांचे दालन उघडले. साम्राज्याच्या दारूगोळ्याच्या कोठारात साम्राज्याशी झुंजलेल्यांना स्थान मिळावे, ही कल्पना समर्पक आहे. परंतु पाहुणा कितीही थोर असला तरी यजमानाची विचारपूस करायची राहून जाऊ नये. ज्यांनी ते भुयार खोदले आणि वापरले त्यांतही हिंदी हात असणार. त्यांची नावे लष्कराच्या आणि बांधकाम खात्याच्या दप्तरांत शोधणे, हे दालन सजवण्याइतकेच अगत्याचे आहे.

दुसऱ्या महायुद्धात पंचवीस लाखांवर हिंदी सैनिक होते. त्यांतल्या अनेकांनी शत्रूच्या खंदकांशी समोरासमोर गाठ घेतली. नगर जिल्ह्यातील निमजचे नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीच्या बांधावरची जर्मन मशीनगनची ठाणी एकट्याने मोडली आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. ते परत आले, १९८४ पर्यंत जगले. त्यांच्यासारखे पदक न मिळालेले हजारो शिपाई देशावरच्या खेड्यांत परतले, पेन्शनीवर जगले, नातवंडांना काही सांगून किंवा न सांगून गेले. युद्धाचा वारसा म्हणतात तो सिमेंटच्या भिंतींइतकाच या घरांच्या माळ्यावरच्या पत्र्याच्या पेट्यांतही आहे.

सोडून दिलेल्या लष्करी वास्तूंचे जतनच व्हावे, असा हट्ट मात्र उपयोगाचा नाही. कल्याणजवळचा युद्धकाळातला लष्करी तळ रिकामा झाला, तेव्हा सिंधमधून उखडलेल्या हजारो कुटुंबांना तेथल्या बराकींत आसरा मिळाला. ऑगस्ट १९४९ मध्ये त्या वस्तीचे नाव उल्हासनगर झाले. तेथला माणूस पत्ता सांगताना अजूनही कॅम्पाचा नंबर सांगतो. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ पासून पोलंडचे निर्वासित राहिले. ते गेल्यावर त्याच जागी सिंधी आले आणि गांधीनगर वसले. बराकी तशाच ठेवून त्यांना कुंपण घालण्यापेक्षा हे शतपटीने चांगले झाले. माणसाच्या डोक्यावर छप्पर येण्यापेक्षा छपराचे वय मोलाचे नसते.

मोडायचे तर मोडा, पण मोडण्यापूर्वी मोजा, एवढीच अपेक्षा रास्त आहे. ब्रिटनमध्ये १९४० साली जर्मन स्वारीच्या भीतीने किनाऱ्यावर आणि आतल्या वाटांवर हजारो लहान सिमेंटी चौक्या बांधल्या गेल्या. त्यांतल्या बहुतेक पुढे शेतांत आणि वाळूत पडून राहिल्या, कित्येक पाडल्या गेल्या. १९९५ ते २००१ या काळात तेथे सुमारे सहाशे हौशी स्वयंसेवकांनी गावोगाव हिंडून अशा जवळपास वीस हजार स्थळांची नोंद केली. सरकारने सगळे वाचवले असे नाही. पण जे गेले तेही कागदावर राहिले.

आपल्याकडे कायद्याची चौकट आणखी आखूड आहे. १९५८ च्या केंद्रीय कायद्यानुसार प्राचीन स्मारक म्हणवून घ्यायला वास्तूचे वय किमान शंभर वर्षे लागते. म्हणजे १९४२ साली बांधलेल्या भिंतीला २०४२ पर्यंत तग धरावा लागेल, आणि मगच तिच्या संरक्षणाचा विचार सुरू होईल. पुणे–नगर रस्त्यालगतच्या जमिनीचे भाव पाहता ती तोवर उभी राहील, हे समजणे भाबडेपणाचे ठरेल. रस्तारुंदीकरणाच्या आड येणाऱ्या जुन्या बांधकामाचा पंचनामा होतो. त्यात लांबी-रुंदी आणि नुकसानभरपाई लिहिली जाते, ते कशाचे होते हा रकाना त्यात नसतो.

या कामाला मोठे अनुदान लागत नाही. शिरूरच्या छावणीची हद्द जुन्या गावनकाशांत आणि सिटी सर्व्हेच्या उताऱ्यांत शोधता येईल. दफनभूमीतले लेख अक्षरे झिजण्यापूर्वी उतरवून घेऊन त्यांचे मराठी भाषांतर शाळांत ठेवता येईल. दौंडला रेल्वे नोकरांच्या जुन्या वसाहतींत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली घराणी आहेत. युद्धकाळात कोणत्या गाड्या आल्या, कोण उतरले, यार्डात काय साठवले, याच्या हकिकती आजोबांकडून नातवांकडे आल्या असतील तर त्या लिहून घेता येतील. महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला टेप, कॅमेरा आणि दोनशे पानी वही एवढा सरंजाम पुरे. दौंडला आता जोडरूळ झाला आहे आणि पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांना इंजिन फिरवण्याची सक्ती राहिलेली नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये दहा वर्षांचा असलेला मुलगा आज नव्वदी ओलांडून गेला आहे. शिरूर-दौंडच्या वाड्यावस्त्यांवर असे म्हातारे अजून ओट्यावर बसलेले सापडतील. दिवाळीच्या सुट्टीत एखाद्या शिक्षकाने पाच विद्यार्थी बरोबर घेऊन त्यांच्यापासूनच सुरुवात करायला हरकत नाही.